पाळी बदलताना अर्धवट राहिलेले काम

विमानाच्या देखभालीचे काम एका पाळीत सुरू होते आणि बऱ्याचदा दुसऱ्या पाळीत संपते. धोका याच सांध्यात असतो. 10 सप्टेंबर 1991 च्या रात्री अमेरिकेत ह्यूस्टनला कॉन्टिनेन्टल एक्सप्रेसच्या एम्ब्रेअर 120 विमानाच्या शेपटीवरील बर्फरोधक रबरी पट्ट्या बदलायच्या होत्या. संध्याकाळच्या पाळीत आडव्या शेपटीच्या डाव्या बाजूचे वरचे 47 स्क्रू काढले गेले. पट्टी मात्र उजवीकडचीच बदलली. काढलेल्या स्क्रूंची नोंद कार्डावर झाली नाही, तोंडी निरोपही हव्या त्या माणसापर्यंत पोचला नाही. शेपटी उंच, बाहेर अंधार; जमिनीवरून स्क्रू नसल्याचे दिसणे अवघडच होते. स्क्रू न बसवताच उडालेले ते विमान दुसऱ्या दिवशी ईगल लेकजवळ हवेतच तुटले. विमानातील सर्व 14 जण मृत्युमुखी पडले.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) देखभाल संस्थांसाठीच्या सीएआर-145 नियमांनुसार पाळी बदलताना कामाची पुरेशी माहिती पुढच्या माणसाला देणे बंधनकारक आहे.

हा धोका विमानांच्या देखभालीपुरता नाही. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात 250 मेगावॉटची दोन युनिट आहेत, आणि चोवीस तास चालणाऱ्या अशा केंद्रांपुढे प्रश्न हाच असतो. पंपाचा वीजपुरवठा तोडून दुरुस्ती चालू असेल, तर कोणते परमिट खुले आहे, कोणत्या ब्रेकरवर टॅग आहे, कोणता भाग काढून ठेवला आहे, हे येणाऱ्या पाळीला लॉगबुकातून आणि शक्यतो यंत्रासमोर उभे राहूनच कळायला हवे. ‘सर्व नॉर्मल’ एवढी नोंद तिथे पुरत नाही.