डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे इजा झाली तर भरपाई कुठे मागायची? मुदत, कागदपत्रं आणि खर्चाची पूर्ण माहिती

परभणी : ऑपरेशननंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, इंजेक्शननंतर हात निकामी झाला, बाळंतपणात बाईला वेळेवर पुढच्या दवाखान्यात पाठवलं नाही... अशा तक्रारी गावोगावी ऐकायला मिळतात. पण पुढं काय करायचं हे बहुतेकांना माहीत नसतं. काही जण ‘नशिबातच होतं’ म्हणून गप्प बसतात, तर काही ठिकाणी दवाखान्याच्या काचा फुटतात. तोडफोड केली तर २०१० च्या राज्य कायद्यानुसार नातेवाइकांवरच अजामीनपात्र गुन्हा दाखल होतो. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. भरपाईचा रस्ता वेगळा आहे, आणि तो परभणीतूनच सुरू होतो.

हलगर्जीपणा कशाला म्हणायचं?

पेशंट बरा झाला नाही किंवा दगावला, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या शिक्षणाच्या साधारण डॉक्टरनं जी काळजी घेतली असती, ती घेतली गेली का, हे कोर्ट बघतं. दोन डॉक्टरांचं उपचाराबद्दल मत वेगळं असू शकतं. तो हलगर्जीपणा नाही. पण पोटात कापड राहणं, उजव्याच्या जागी डाव्या पायाचं ऑपरेशन होणं, दुसऱ्याच गटाचं रक्त चढवणं हा उघड हलगर्जीपणा आहे. अशा उघड प्रकरणात दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत आणलंच पाहिजे असं नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं आहे. बाकी प्रकरणांत मात्र तज्ज्ञाचं लेखी मत फार कामाला येतं.

खाजगी दवाखाना असेल तर

पैसे देऊन घेतलेला उपचार ही ‘सेवा’ आहे आणि पेशंट हा ग्राहक आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला. त्यामुळे तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. जिथं काही पेशंट पैसे देतात आणि काहींवर फुकट उपचार होतात, तिथला फुकटचा पेशंटही ग्राहकच धरला जातो. त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, स्वतःच्या खिशातून रुपया गेला नाही, तरी तक्रारीचा हक्क जात नाही.

उपचार नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात झाले असतील तरी तिकडं खेटे मारायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथंच तक्रार करायची सोय दिली आहे. म्हणजे जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी या नऊही तालुक्यांतल्या माणसाला परभणीच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. पेशंट वारला असेल तर वारसांना तक्रार करता येते.

फी किती?

फी ठरते ती दवाखान्याला दिलेल्या पैशावर, मागितलेल्या भरपाईवर नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. उदाहरणार्थ, बिल ६० हजारांचं आणि मागणी १५ लाखांची असली तरी फी लागत नाही. ५० लाखांपर्यंत पैसे दिलेली प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. वकील सक्तीचा नाही, पण अशा प्रकरणात घेतलेला बरा. ऐपत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा हेल्पलाइन नंबर १५१०० आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून मोबाइलवरही भरता येते.

मुदत फक्त दोन वर्षं

सगळ्यात जास्त प्रकरणांना धोका असतो तो इथं. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग सूट देऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

गोव्यातल्या सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सचं १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती नऊ वर्षं पोटदुखी सोसत राहिली. २००२ मध्ये दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा पोटात गॉज सापडला. तिनं २००४ मध्ये तक्रार केली. दुखत असताना इतकी वर्षं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे विचारणा का केली नाही, असं म्हणत सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. तेव्हा दुखणं अंगावर काढू नका. त्याच डॉक्टरकडे परत जा, दाखवा आणि त्याचा कागद जपून ठेवा.

सरकारी दवाखाना असेल तर

जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, तो दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही. पण म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. याचा मोठा दाखला मराठवाड्यातलाच आहे. १९६३ च्या जुलैत औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाळंतिणीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. पोटात कापड राहिलं, दुसरं ऑपरेशन करून ते काढलं, पण ती वाचली नाही. घरच्यांनी दिवाणी दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६ हजार रुपये दिले, हायकोर्टानं तो निकाल फिरवला. अखेर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या निकालात भरपाई कायम केली. सरकारी डॉक्टरच्या हलगर्जीपणाला सरकार जबाबदार आहे, असं त्यात स्पष्ट झालं. तोवर ३३ वर्षं गेली होती.

असा दावा दिवाणी कोर्टात लावावा लागतो. त्याआधी सरकारला २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून वकिलाला लवकर भेटा. नसबंदी फसली किंवा त्यातून इजा झाली, तर सरकारची वेगळी भरपाई योजना आहे. तिचा अर्ज ९० दिवसांच्या आत करावा लागतो.

आधी हे कागद ताब्यात घ्या

- केस पेपर, ऑपरेशनची नोंद, भूल दिल्याची नोंद, संमतीपत्र, नर्सचे तक्ते यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नियमानुसार ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात.
- डॉक्टरांवर हे रेकॉर्ड ३ वर्षंच ठेवण्याचं बंधन आहे, त्यामुळे थांबू नका.
- बिलं, मेडिकलच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सोनोग्राफीचे रिपोर्ट फेकू नका. बिल मिळालं नसेल तर मागून घ्या.
- मृत्यूबद्दल शंका असेल तर पोस्टमॉर्टेम करून घ्या. मन धजत नाही, हे खरं. पण ते झालं नाही तर मृत्यूचं कारण सिद्ध करणं फार अवघड होतं.
- पुढच्या दवाखान्यात काय निघालं ते तिथल्या डॉक्टरकडून लेखी घ्या.

पोलीस आणि मेडिकल कौन्सिल

पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो, पण डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी गंभीर स्वरूपाचा हलगर्जीपणा आणि स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं, असं सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये ठरवून दिलं आहे. मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर डॉक्टरची नोंदणी निलंबित होऊ शकते. भरपाई मात्र कौन्सिल देत नाही. ती आयोगातून किंवा दिवाणी कोर्टातूनच मिळते.

भरपाई मागताना फक्त झालेला खर्च लिहू नका. बुडालेली मजुरी, पुढं लागणारा उपचार, आलेलं अपंगत्व आणि सोसलेला त्रास हे सगळं मांडा, आणि प्रत्येकाला कागद जोडा. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. दवाखान्याला अपील करायचं असेल, तर आयोगानं ठरवलेली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.