सरासरीत न दिसणारी रांग

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगरची ओळख सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याशी जोडलेली आहे. अशा कुठल्याही कारखान्याच्या गाडीतळासाठी टोकन देणारी संगणकप्रणाली करायची, तर ‘आधी येईल त्याची गाडी आधी’ एवढा नियम पुरेसा वाटतो. तो खरेच पुरतो का, हे प्रणाली लिहिण्याआधी तपासता येते. गाड्या, वजनकाटा आणि गव्हाण यांचा हलता नमुना संगणकावर उभारून त्यावर दिवसामागून दिवस चालवून पाहणे, हे सिम्युलेशन.

गैरसमज : गरजा लिहून सह्या झाल्या की काम संपले.
वस्तुस्थिती : कागदावरची गरज बहुधा सुरळीत दिवसाची असते. समजा, गाळप ताशी १०० टन आणि आवक ९५ टन आहे. हिशेब जुळतो. पण गाळप एकच तास थांबले, तर साचलेला ९५ टन ऊस ताशी ५ टनांनी ओसरायला १९ तास लागतात, आणि तोडलेल्या उसाचे वजन व उतारा दोन्ही घटत राहतात. टोकन रांगेला क्रम देते, ती आखूड करत नाही. गाळप थांबल्याचा निरोप फडातल्या टोळीपर्यंत पोचवणे, ही खरी गरज इथे उघड होते.

गैरसमज : एकदा तपासले की पुरे.
वस्तुस्थिती : ४ जून १९९६ रोजी एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. एरियन-४ मध्ये नीट चाललेली आज्ञावली त्यात तशीच घेतली होती; नव्या अग्निबाणाचा उड्डाणमार्ग तिच्या गरजांत धरलाच नव्हता. तो मार्ग जमिनीवर सिम्युलेशनने तपासला असता, तर दोष आधीच कळला असता, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष होता. गाडीतळावरही हार्वेस्टरने तुकडे केलेला, लवकर खराब होणारा ऊस येऊ लागला, की जुना नियम नव्याने तपासावा लागतो.

गैरसमज : नमुना म्हणजे निव्वळ कल्पना.
वस्तुस्थिती : आक्षेपात तथ्य आहे, चुकीच्या आकड्यांवरचा नमुना फसवतोच. म्हणून आधी मागच्या हंगामाच्या वजनकाट्याच्या नोंदी त्यात घालाव्यात. प्रत्यक्षातली रांग जुळली नाही, तर नमुना दुरुस्त करावा. मात्र बैलगाडी आधी घ्यायची की ट्रक, हे नमुना ठरवत नाही. प्रत्येक पर्यायात कोण किती तास थांबेल, एवढेच तो दाखवतो. निर्णय शेतकरी, मुकादम आणि गाडीवानांनी मिळून घ्यायचा आहे. तो हे तास समोर ठेवून, गव्हाणीत हंगामाची पहिली मोळी पडण्याआधी घेतला, तर त्याची किंमत रात्रभर जुंपलेल्या बैलांना मोजावी लागणार नाही.