धर्मपीठ आणि लोकांची दक्षता
दान आणि दंभ ही दोन्ही एकाच लोकश्रद्धेच्या आश्रयाने वाढत असल्यामुळे, धर्मसंस्थेचे उपकार कृतज्ञतेने स्मरताना तिच्या अधिकाऱ्यांच्या अनाचाराची झाडाझडतीही समाजाने निर्भयपणे घेतली पाहिजे.

हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगे महाराजांनी, स्वतःसाठी काहीएक न राखता, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. याउलट, १८६० साली मुंबईत करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ पत्रातून वल्लभ या वैष्णव संप्रदायातील ‘महाराज’ म्हणवणाऱ्या धर्मगुरूंच्या स्त्री-भक्तांशी चाललेल्या दुराचारास वाचा फोडली, तेव्हा त्यांपैकीच एक असलेल्या जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर ५०,००० रुपयांच्या अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली. जातिबहिष्काराची धास्ती असतानाही साक्षीदार पुढे आले. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी जदुनाथजींच्या उपदंशावर आपण उपचार केल्याचे शपथेवर सांगितले. आणि एप्रिल १८६२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने मुख्य मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूने निवाडा दिला.

या खटल्याने वैष्णव धर्म बुडाला नाही. धर्मगुरूही कायद्याच्या कक्षेबाहेर नाही, एवढे मात्र सिद्ध झाले. म्हणून वाचकांनी सत्कार्यास मुक्तहस्ते दान द्यावे, परंतु दानाचा हिशेब आणि गुरूच्या आचरणाचा जाब मागण्याचा आपला हक्क कोणत्याही गादीपुढे गहाण ठेवू नये.