पायी पाहावं असं नंदुरबार

धनत्रयोदशीला घराघरांत यमदीप लागतात, तेव्हा तळोद्याहून सातपुड्यात शिरणाऱ्या रस्त्यावर माणसांची रीघ लागलेली असते. हातात झेंडे, खांद्याला शिदोरी, सोबत ढोल. महाराष्ट्राच्या जोडीने गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या पाड्यांवरून आलेली आदिवासी पोरं अस्तंबा ऋषीच्या यात्रेला निघालेली असतात. हा अस्तंबा म्हणजे महाभारतातला अश्वत्थामा. कपाळावरचा मणी गेला, जखम मात्र भरली नाही. म्हणून तो अजून या डोंगरात फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर लावायला तेल मागतो, असं इथली माणसं सांगतात. तेराशे मीटरहून उंच अशा त्या शिखरावर कळस नाही, गाभारा नाही. उघड्या आभाळाखालचा खडक आणि शिळा हेच देवस्थान. देवळं पाहायला निघालेल्या परगावच्या माणसाला इथे पाहण्यासारखं फारसं काही नाही. चालत वर पोचलेल्याला मात्र हे देवस्थान कसं आहे ते कळतं, कारण रात्रभराची चढण हाच त्या पूजेचा मोठा भाग आहे.

अलीकडे पुण्या-मुंबईत निरनिराळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं एका फेरीत पायी पाहण्याचे उपक्रम होतात. पुण्याच्या कॅम्पात ते सोपंही आहे. डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बाबाजान यांचा दर्गा, चर्च, अग्यारी, सगळं थोडक्या अंतरात सापडतं. नंदुरबार जिल्ह्यात अशी फेरी आखायची तर नकाशा वेगळ्या रीतीने वाचावा लागतो. इथे धर्म एका पेठेत शेजारी शेजारी वसले नाहीत. प्रत्येक जण आपापल्या वाटेने आला आणि त्या वाटेच्या कडेला थांबला. व्यापाराची वाट, रेल्वेची वाट, नदीची वाट, डोंगराची वाट. ती वाट धरून चाललं की कोणतं श्रद्धास्थान कुठे आणि का उभं आहे याचा उलगडा होत जातो.

सुरुवात नंदुरबार शहरापासून करावी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, पण शहर फार जुनं. सुरत ते बुऱ्हाणपूर या मोठ्या व्यापारी मार्गावरचं हे ठाणं. अकबराच्या काळात नंदुरबार हे माळवा सुभ्यातलं एक सरकार होतं. १६६६ मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली, यावरून बाजारपेठेची पत कळते. नंद गवळ्याने गाव वसवलं आणि पुढे सय्यद अलाउद्दीन पीर इथे आले, अशी परंपरेची कथा १८८० च्या खानदेश गॅझेटियरने नोंदवली आहे. गवळी राजा आणि पीर एकाच कथेत येतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. शहर स्वतःची गोष्ट सांगताना दोघांपैकी एकालाही वगळत नाही.

इमाम बादशहांचा दर्गा, दंडपाणेश्वराचं गणपती मंदिर, मोठा मारुती, नवरात्रात गर्दीने फुलणारं खोडाई मातेचं स्थान, गुजराती आणि मारवाडी व्यापारी कुटुंबांची मंदिरं आणि जुन्या वस्तीतल्या मशिदी असा हा शहरातला फेरा. गणेशोत्सवात दादा गणपती आणि बाबा गणपती या मानाच्या दोन गणपतींची विसर्जन मिरवणुकीत ‘हरिहर भेट’ होते. ती पाहायला बाहेरगावी नोकरीला गेलेली माणसंही घरी येतात. माणिक चौकात थोडं जास्त थांबावं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा या कोवळ्या मुलांनी इथे गोळ्या झेलल्या. ते कोणत्याही धर्माचं ठिकाण नाही. पण शहरातलं पवित्र स्थान म्हणून सर्वांनी मानलेली एकच जागा सांगायची झाली तर मी हीच सांगेन.

दुसरी वाट लोहमार्गाची. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरतेकडून रेल्वे आली. नवापूर, चिंचपाडा आणि नंदुरबार ही त्याच मार्गावरची स्थानकं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियातले, तसंच तिथून अमेरिकेत स्थायिक झालेल्या घराण्यांतले मिशनरी पश्चिम खानदेशात कामाला लागले. त्यांची चर्च, शाळा आणि दवाखाने बहुतेक याच पट्ट्यात आहेत. नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल त्याच काळाची आठवण. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ मध्ये सुरू झालं आणि आजही आसपासच्या पाड्यांवरून लोक तिथे बाळंतपणाला आणि उपचाराला येतात. नवापूर तालुक्यातली चर्च साधी असतात. ना रंगीत काचा, ना उंच मनोरे. कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर, आत बाकं किंवा सतरंज्या. रविवारी सकाळी जावं. मावची भाषेत नवा करार छापला गेला आहे आणि घरात जी भाषा बोलतात त्याच भाषेत इथे प्रार्थना ऐकू येते. ज्या बोलीला शाळेत आणि कचेरीत कुणी विचारत नाही तिला प्रार्थनेत मान मिळतो, तेव्हा त्या समाजाला काय वाटत असेल याचा विचार पाहुण्याने जरूर करावा.

तिसरी वाट तापीची. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचं प्रकाशा हे खानदेशाची दक्षिण काशी. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर आणि संगमेश्वर ही इथली मंदिरं. गुरू सिंह राशीत आला की दर बारा वर्षांनी गौतमेश्वरापाशी मोठा मेळा भरतो. घाटावर अस्थिविसर्जन आणि श्राद्धाची लगबग सुरू असते. पण प्रकाशाचं वय या मंदिरांहून कितीतरी जास्त आहे. १९५५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व विभागाच्या बी. के. थापर यांनी इथल्या टेकाडाचं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उघडे पडले. आज आपण ज्यांना धर्म म्हणतो त्यांपैकी बहुतेकांची नावंही नव्हती, तेव्हापासून माणसं या संगमावर राहत आली आहेत. तापीकाठाने वर सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, त्यात राज्याराज्यांतले, नाना जातिधर्मांचे घोडेवाले उतरतात. नवस आणि सौदा एकाच मैदानात चालतात.

इथे एका जुन्या पदयात्रेची आठवण काढायलाच हवी. भूदानासाठी देशभर पायी फिरणाऱ्या विनोबांना १९५५ मध्ये पुरीच्या जगन्नाथ मंदिरात सोबतच्या फ्रेंच बाईंसह जाऊ दिलं नाही, तेव्हा ते दर्शन न घेता परतले. मे १९५८ मध्ये पंढरपुरात मात्र विठ्ठलाच्या मंदिराने त्यांना मुस्लिम आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांसह आत घेतलं. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९४७ च्या मे महिन्यात, खानदेशातल्या अमळनेरशी आयुष्यभराचं नातं जोडलेल्या साने गुरुजींनी पंढरपुरातच, त्याच मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून, उपोषण करून प्राण पणाला लावले होते. पंढरपूरनंतर विनोबांची पदयात्रा खानदेशातून गुजरातेत गेली, आणि सातपुड्यातल्या अक्राणी भागात ग्रामदानाचं काम उभं राहिलं. निरनिराळ्या धर्मांची माणसं मिळून प्रार्थनास्थळं पाहायला निघाली, तर विनोबांचा नियम आजही लागू आहे. सोबतच्या एकाला दार बंद असेल तर बाकीच्यांनीही बाहेरच थांबावं. मला हा नियम सगळ्या शिष्टाचारांच्या वर वाटतो.

बाकीचे शिष्टाचार साधे आहेत. दर्ग्यात डोकं झाकून जावं. मशीद पाहायची तर शुक्रवारची दुपार टाळावी आणि आधी निरोप द्यावा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना फोटो काढत फिरू नये. बायकांना कुठपर्यंत प्रवेश आहे हे आधीच विचारून घ्यावं, म्हणजे ऐन दारात कुणाचा अवमान होत नाही. अक्कलकुव्याची जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली संस्था. धार्मिक शिक्षणाबरोबर अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणाचे अभ्यासक्रम चालवणारं तिचं आवार एखाद्या गावाएवढं आहे. तिथेही कळवून गेलेलं बरं. याच अक्कलकुव्यात मक्राणी आडनावाची कुटुंबं भेटतात. त्यांचे पूर्वज बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून शिबंदीचे शिपाई म्हणून या डोंगराळ संस्थानांच्या चाकरीत आले. ही वाट तलवारीची होती, पण तीही इथेच येऊन स्थिरावली.

आता डोंगर. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण जवळपास सत्तर टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, वसावे, कोकणा. त्यांच्या देवस्थानांना बहुधा छप्पर नसतं, म्हणून पर्यटनाच्या यादीत ती सापडत नाहीत. ही मोठी चूक आहे. गावाच्या शिवेवरचा वाघदेव म्हणजे शेंदूर लावलेला दगड किंवा कोरलेला लाकडी खांब. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारसेला गुराखी त्याला मान देतात. पावरा आणि भिल्ल यांच्या इंदल उत्सवात कलमाच्या झाडाची फांदी आणून उभी करतात आणि रात्रभर नाचतात. उत्सव सरला की ते देवस्थानही उरत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी १२४६ पासून चालत आल्याचं परंपरा सांगते. पहाटे पेटणाऱ्या त्या होळीच्या आधी बावा-बुध्या हे सोंग घेणाऱ्यांनी दिवसचे दिवस व्रत पाळलेलं असतं. अशा ठिकाणी गावच्या पुजाऱ्याला आणि कारभाऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. दगडाला हात लावू नये, कॅमेरा पिशवीत ठेवावा.

या डोंगरांची कुलमाता याहामोगी. तिचं मूळ स्थान अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात मानतात आणि तिचं मंदिर गुजरातच्या सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याला आहे. मोठ्या दुष्काळात तिने माणसांना आणि गुरांना जगवलं, असं तिच्याबद्दल रात्र रात्र गायलं जातं. महाशिवरात्रीच्या यात्रेला नव्या टोपल्यांत नवं धान्य घेऊन लोक जातात. त्याच दिवसांत तोरणमाळला गोरक्षनाथाची यात्रा भरते. एकाच तिथीला एक वाट आईकडे जाते आणि दुसरी नाथाकडे, आणि कित्येक घरांतली माणसं दोन्हींकडे वाटून निघतात.

तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी १९३०च्या दशकात सुरू केलेला ‘आप’ धर्म या फेरीत सर्वांत कमी माहीत असलेला टप्पा. दारू सोडा, रोज आंघोळ करा, चोरी करू नका, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढं त्यांचं सांगणं. सावकार आणि कलालाच्या विळख्यातल्या माणसाला ‘अरे-तुरे’ ऐकायची सवय होती. त्याला शेजाऱ्याने ‘आप’ म्हणायचं, ही केवढी मोठी गोष्ट! सोमवारच्या आरतीला हजारोंनी लोक जमू लागले तसं इंग्रज सरकार धास्तावलं. १९३८ मध्ये महाराज वारले. बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. ‘आप की जय’ हा नमस्कार आजही या भागात ऐकू येतो.

शेवटची वाट नर्मदेची. चातुर्मास संपला की परिक्रमावासी निघतात, नदी उजव्या हाताला ठेवून. पूर्वी ते जिल्ह्याच्या उत्तर कडेने शूलपाणीच्या झाडीतून जात. सरदार सरोवराच्या पाण्याने तो काठ गिळला आणि आता बहुतेक जण शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे दूरच्या रस्त्याने जातात. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं प्राचीन मंदिर पाण्याखाली गेलं. त्याच्या जागी गुजरातेत गोऱ्याला नवं मंदिर बांधलं गेलं. महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं या धरणाने बाधित झाली. प्रत्येक गावाला शीव होती, आणि शिवेवर देव होता. त्यांच्यासाठी कुठे काही बांधलं गेल्याचं शासनाच्या फलकावर लिहिलेलं नसतं. तळोदा आणि शहादा तालुक्यांत या गावांच्या पुनर्वसन वसाहती आहेत. नंदुरबारच्या फेरीला निघालेल्याने एक दिवस तिथे द्यावा, म्हाताऱ्या माणसांपाशी बसावं आणि कोणता देव सोबत आणला, कोणता तिथेच राहिला हे विचारावं. ज्यांनी ते देव पाहिले ती पिढी आता थकली आहे. हे लिहून ठेवण्याचं काम पुढच्या दिवाळीवर टाकता येणार नाही.