वितळू द्या की बर्फ!

मे महिन्यात घरी आइस्क्रीमचा पॉट निघायचा. लाकडी बादलीत बर्फाचा चुरा, त्यावर खडे मीठ आणि हँडल फिरवायला पोरांची रांग. जे मीठ आइस्क्रीममध्ये जात नाही ते बर्फात कशाला, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. उत्तर सापडलं ते फार उशिरा, डायकिरी करताना.

डायकिरी म्हणजे पांढरी रम, लिंबू आणि साखर, बस्स. क्युबात सान्तियागो शहराजवळ या नावाचा किनारा आहे आणि त्या भागात लोखंडाच्या खाणी होत्या. 1898 च्या सुमारास जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकी खाण-अभियंत्याकडे पाहुणे आले असताना जिन संपली, म्हणून त्याने तिथलीच रम पुढे केली, अशी गोष्ट सांगतात. पण जिथे उसाची रम आणि लिंबं दोन्ही हाताशी, तिथे हे सरबत त्याच्याआधीही कुणीतरी केलंच असणार. पुढे हवानातल्या ‘एल फ्लोरिदिता’ बारमध्ये कोन्स्तान्तिनो रिबालाइग्वा यांनी तिला नाव मिळवून दिलं. लेखक हेमिंग्वे तिथला नेहमीचा गिऱ्हाईक. त्याच्या डायकिरीत साखर नसे, रम मात्र दुप्पट!

आपल्याकडे ही करणं सोपं, कारण कॅरिबियन बेटांवरचं ते छोटं, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. साखर आणि पाणी समप्रमाणात विरघळवून पाक करून ठेवा. साखर तशीच टाकली तर थंड रममध्ये ती तळाशी बसते. 60 मिलि पांढरी रम, 25 मिलि ताजा लिंबूरस, 20 मिलि पाक. लिंबं कमी-जास्त आंबट असतात, तेव्हा बर्फ घालण्याआधी थेंबभर चाखा. चव जरा भडकच लागली पाहिजे. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी चालते. ती बर्फाने भरा, झाकण दाबून धरा आणि दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. मग चहाच्या गाळणीतून फ्रीझरमध्ये गार केलेल्या छोट्या पेल्यात गाळा.

पहिल्यांदा करणारा इथेच कचरतो. बर्फ वितळून पेय पाणचट होईल या भीतीने दोन-तीनच खडे टाकतो, हलक्या हाताने हलवतो आणि हाती येतं कोमट, जहाल काहीतरी. खरं तर गारवा येतो तोच बर्फ वितळण्यातून. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम गार पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. शिवाय मद्यार्कामुळे गोठणबिंदू खाली जातो, म्हणून बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि पेय उणे पाच अंशांच्या आसपास पोचतं. पॉटमध्ये जे काम मीठ करतं, ते इथे रम करते.

म्हणजे पाणी हा डायकिरीतला चौथा जिन्नस. गाळलेल्या पेल्यात ते पाव हिश्शाहून थोडं जास्तच असतं. त्यानेच लिंबाची धार बोथट होते, रमची आग निवते आणि मघाची भडक चव जागेवर येते. बर्फ मात्र भरपूर आणि थेट फ्रीझरमधला घ्या. आधीच पाणी सुटलेला बर्फ पेय गार करण्याआधीच पातळ करतो.

पेल्यात बर्फ ठेवायचा नसल्याने डायकिरी पाच-दहा मिनिटांत कोमटायला लागते. म्हणून पेला लहान. चव सरबताची, त्यामुळे लगेच दुसरा भरावासा वाटतो. तेव्हा आठवावं, की या सरबतात अख्खा लार्ज पेग आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी वयाची पंचविशी आणि परवाना, दोन्ही लागतात.