छपाई अडते ती एका फाइलीपायी

राजापूरसारख्या तालुक्याच्या गावात जून उजाडला की झेरॉक्सच्या दुकानांत रीघ लागते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शाळेचे अर्ज, सगळं कागदावर हवं असतं. अशा दुकानांत देशभर वर्षानुवर्षं दिसणारं यंत्र म्हणजे कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर. दणकट, आणि टोनर कुठेही भरून मिळणारा. विंडोजवर तो निमूट चालतो. पण जुना संगणक आणखी काही वर्षं वापरता यावा म्हणून कुणी त्यावर उबुंटू हे मोफत लिनक्स टाकलं, की अनेकदा पंचाईत होते. ड्रायव्हर बसतो, प्रिंटर यादीत दिसतो, छपाईचा हुकूम जातो, आणि कागद हलत नाही.

प्रिंटर बिघडलेला नसतो. या प्रिंटरशी कॅप्ट नावाच्या, कॅननच्या स्वतःच्या पद्धतीनं बोलावं लागतं. कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला खरा, पण त्यातले काही भाग ३२ बिटीच राहिले. ६४ बिटी उबुंटूवर त्यांना लिबपॉप्ट, लिबएक्सएमएल२ अशा लायब्रऱ्यांच्या ३२ बिटी प्रती लागतात आणि त्या आधीपासून बसवलेल्या नसतात.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारं काम एकदाच लिहून ठेवलेली फाइल. कोकणातल्या वाडीत लग्नकार्याची मोठी भांडी घरोघरी नसतात, गावकीची असतात. ज्याच्याकडे कार्य तो घेऊन जातो. प्रोग्रॅमही आपल्याला कोणत्या लायब्रऱ्या लागतील याची यादी पोटात बाळगतो, आणि सुरू होताना लोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम त्या शोधून जोडून देतो. एक जरी मिळाली नाही तरी प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

या व्यवस्थेचा फायदा एप्रिल २०१४ मध्ये जगानं पाहिला. ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाची भयंकर त्रुटी सापडली. ज्या सर्व्हरवर ती लायब्ररी सामायिक होती, तिथे एक पॅकेज बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर विसंबलेले सगळे प्रोग्रॅम एकदम दुरुस्त झाले.

तोटाही याच सामायिकपणात आहे. लायब्ररीच्या नावात एक आकडा असतो आणि तो प्रोग्रॅमला हवा तोच असावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती होती, जुनी १.१ काढून टाकलेली. मोंगोडीबी या लोकप्रिय डेटाबेसच्या तेव्हाच्या पॅकेजला मात्र १.१ च हवी होती. नवी, अधिक चांगली लायब्ररी समोर असताना पॅकेज बसेना.

ही जुळवाजुळव माणसाला करावी लागू नये म्हणून पॅकेज मॅनेजर असतो. डेबियन या लिनक्समध्ये ॲप्ट हे साधन मार्च १९९९ च्या आवृत्तीपासून आहे. उबुंटू त्याच्यावरच चालतं. प्रत्येक पॅकेजसोबत त्याच्या गरजांची यादी असते आणि ॲप्ट ती वाचून बाकीची पॅकेजं आणतं. पण यादीत जे लिहिलेलंच नाही ते ॲप्टला कळणार कसं? शिवाय डाउनलोड केलेलं पॅकेज थेट डीपीकेजी या ॲप्टखालच्या साधनानं बसवलं, तर ते राहिलेल्या गोष्टी आणायला जात नाही, फक्त तक्रार करतं. तीच फाइल ॲप्टकडून बसवावी.

तरीही अडलं, तर एलडीडी ही आज्ञा त्या प्रोग्रॅमवर चालवावी. ती लायब्रऱ्यांची यादी देते, आणि जी नाही तिच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असं लिहिते. ते नाव घेऊन ॲप्ट-फाइलला विचारलं की कोणत्या पॅकेजात ती आहे हे कळतं. ३२ बिटी प्रोग्रॅमच्या बाबतीत मात्र एक फसवा प्रकार आहे: ३२ बिटी लोडरच नसेल, तर फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो. भलेभले इथे तासन्‌तास घालवतात. अशा वेळी आधी आय३८६ या नावानं ३२ बिटी पॅकेजांना परवानगी द्यावी लागते, मग हवी ती लायब्ररी त्याच नावाच्या जोडीनं मागायची.

एक गोष्ट कटाक्षानं टाळावी: नव्या लायब्ररीला जुन्या आकड्याचं नाव देऊन प्रोग्रॅमला गप्प करणं. प्रोग्रॅम सुरू होईलही, पण मध्येच कोसळेल किंवा चुकीचं काम करेल. कुठल्याशा संकेतस्थळावरून सुटी फाइल उचलणं तर त्याहून धोक्याचं.

३२ बिटी लायब्रऱ्या कायम मिळतील असंही नाही. जून २०१९ मध्ये उबुंटूनं त्या बंद करण्याची घोषणा केली होती. विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन आणि खेळांसाठीचं स्टीम वापरणाऱ्यांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच निवडक लायब्रऱ्या ठेवायचं ठरलं. कॅननच्या ड्रायव्हरचे ते भाग बाहेरच्या कुणाला ६४ बिटी करून घेता येत नाहीत, कारण त्यांचा सोर्स खुला नाही. खरी अडवणूक इथे आहे. स्वयंसेवकांनी प्रिंटरची भाषा उलगडून कॅप्टड्रायव्हर नावाचा खुला पर्याय लिहिला, तो या अर्थानं मोलाचा.

राजापुरात पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकात शिरतं. अशा दिवसांत लायब्ररी डाउनलोड करू म्हटलं, तर नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. म्हणून लागणारी पॅकेजं मे महिन्यातच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावीत, आपल्या उबुंटूच्या आवृत्तीचीच. आणि नवी आवृत्ती टाकण्याआधी ती पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून, ड्रायव्हर बसवून, एक पान छापून पाहावं.