बागेची जुनी भिंत आणि एकांडी मधमाशी

दिल्लीच्या काश्मीरी दरवाज्याच्या उत्तरेस कुदसिया बागेचे अवशेष आहेत. बादशहा अहमदशहाची आई कुदसिया बेगम हिने ही तटबंद बाग 1748 च्या सुमारास यमुनेकाठी वसविली. 1857 च्या वेढ्यात इंग्रजांनी येथे तोफा मांडल्या. पुढे नदीही दूर सरकली. आता पश्चिमेचे प्रवेशद्वार, मशीद आणि थोडे बांधकाम उरले आहे.

त्या काळातील दिल्लीच्या बांधकामात लखौरी वीट सर्रास आढळते. ही वीट आजच्या विटेपेक्षा बरीच पातळ असल्याने भिंतीत सांधे पुष्कळ येतात आणि ते चुना व सुरखीने भरलेले असतात. असा चुना जुना झाला की भुसभुशीत होतो. स्थापत्यतज्ज्ञाला तो दोष वाटेल. कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते घर आहे. मेगाकायली लनाटा ही एकांडी माशी अशा तयार भोकांत शिरून चिखलाचे कप्पे करते, प्रत्येक कप्प्यात पराग व मकरंदाची शिदोरी ठेवून एक अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. ही माशी तुरीच्या फुलांवर हटकून दिसते. तुरीच्या संकरित बियाण्यात नरवंध्य ओळीपर्यंत पराग पोचतो तो माश्यांमुळेच, हे बीजोत्पादकांना ठाऊक आहे. निळ्या पट्ट्यांची अमेजिला मऊ माती कोरून राहते आणि वांग्याच्या फुलाला धरून थरथरविते. वांग्याचा परागकोश टोकाच्या छिद्रातून उघडत असल्याने ही थरथर मोलाची ठरते. पाळीव मधमाशीला ही कला साधत नाही. शेजारीच कुंभारीण माशी आपल्या पिलांसाठी अळ्या बधिर करून साठविते.

अशा भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरल्या की दुहेरी नुकसान होते. सिमेंट ओल कोंडते, त्यामुळे मऊ विटेचाच पापुद्रा सुटतो; आणि घरटीही बुजतात.

महाराष्ट्रातील गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, विहिरींची जुनी चुनेगच्ची, गोठ्यांच्या मातीच्या कुडी यांनाही हेच लागू पडते. पिंपळाचे रोप मात्र दिसताक्षणी उपटावे, त्याच्या मुळांना दयामाया नसते. दर्जा पुन्हा भरायच्या असतील तर चुना-सुरखीच वापरावी आणि एका वर्षी अर्धीच भिंत घ्यावी. चिखलाने लिंपलेली भोके आत पिले असल्याची खूण आहे. माशी बाहेर पडल्याचे गोल छिद्र दिसेपर्यंत तेवढा भाग तसाच ठेवावा.